काकी, सकाळी काय खाल्लं?

माझे कान तिखट आहेत, हे मी स्वतःच सांगून टाकते. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते, तर अजूनही पिरंगुटच्या कंपनीत मोटरी ऐकत असते. तिथे माझं कामच ते होतं. पट्ट्यावरून येणारी प्रत्येक छोटी मोटर चालू करायची, कान लावायचा आणि बेअरिंग खरखरतंय का ते सांगायचं. कंपनीने त्यासाठी एक मशीनही आणलं होतं. पण मशीनने पास केलेल्या मोटरी गिऱ्हाइकाकडून परत यायला लागल्या की सुपरवायझर त्या गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. सात वर्षं मी तिथे काढली आणि त्या सात वर्षांत माझ्या कानांबद्दल एक बरा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. ‘या बाईला जरा जास्तच ऐकू येतं,’ एवढंच म्हणायचे.

घरी तरी काय वेगळं होतं. आमचं घर भरे गावात. शेताच्या कडेला सासूबाईंनी चार खोल्या बांधून कंपनीतल्या मुलांना भाड्याने दिल्या आहेत. रात्रपाळीचा कोण, दिवसपाळीचा कोण, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, हे मला आत भांडी घासता घासता कळतं. सासूबाईंना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. त्या साखरेचा डबा अगदी हलक्या हाताने उघडतात आणि मी पलीकडच्या खोलीतून ‘आत्या’ अशी हाक मारते. या घरात साखर खायची चोरी झालीय, असं त्या गावभर सांगत असतात.

अशात एका संस्थेने आमच्या मुळशी तालुक्यासाठी छोटंसं रेडिओ केंद्र सुरू केलं. दोन खोल्या, गच्चीवर एक उंच खांब आणि डोंगर आडवा येत नाही तिथपर्यंत पोचणारा आवाज. त्यांना ऑडिओ ऑपरेटर हवा होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. केंद्रप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, मला एक मुलाखत ऐकवली आणि काही चूक वाटतेय का विचारलं. मी म्हटलं, बोलणाऱ्यांचं मला काही कळलं नाही, पण त्या खोलीत फ्रीज चालू होता आणि मधेच तो बंद झाला. सरांनी ती मुलाखत परत लावली, डोळे मिटून ऐकली आणि हसले. सहा महिने बघू म्हणाले. मला नोकरी मिळाली.

ऑडिओ ऑपरेटर म्हणजे काय, हे घरी समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. आत्यांनी विचारलं, तू बोलणार का. मी नाही म्हटलं. मग गाणार का. तेही नाही. बोलणाऱ्याचा आवाज बाहेर नीट जातोय की नाही ते बघणार, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी विषय बदलला. नवरा तेवढा म्हणाला, तुला आवडतंय ना, मग झालं. तो कमी बोलतो, त्यामुळे त्याचं म्हणणं लगेच पटतं.

आणि मला आवडलं. आवडलं म्हणजे काय, मी खुळावलेच. पहिल्या दिवशी हेडफोन कानाला लावले आणि फेडर वर सरकवला. फेडर म्हणजे आवाज वरखाली करायचं सरकतं बटण. तो वर जाताच पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाचा श्वास माझ्या कानात आला. त्याने थुंकी गिळली, तेही आलं. कागद उलटला, तर दसऱ्याला आपट्याची पानं हातावर पडावीत तसा आवाज झाला. आयुष्यभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली, तेच इथे माझ्याकडून मागत होते. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी उगीचच हसत होते आणि शेजारच्या बाईने पिशवी पलीकडच्या मांडीवर घेतली.

माझी नेमणूक खास बाहेरच्या कार्यक्रमासाठी होती. दर बुधवारी दुपारी बारा ते साडेबारा, एखाद्या गावातून, एखाद्याच्या दारातून थेट लाईव्ह. सामान फार नव्हतं. दोन माईक, दोन लांब केबली, माईकचे आवाज जुळवणारा वहीएवढा एक मिक्सर आणि आवाज केंद्रापर्यंत पोचवणारा एक मोबाईल. माझ्याबरोबर निवेदक यायचा, कोथरूडचा तरुण मुलगा. आवाज असा की दुधावरची साय. पण गाईम्हशींना घाबरायचा, शेणाला त्याहून जास्त. मला ताई म्हणायचा आणि गोठा दिसला की माझ्या मागे चालायचा.

सर एरवी फार सभ्य माणूस. शहरातल्या मोठ्या रेडिओत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले. कुणाला एकेरी हाक मारत नाहीत. पण रेडिओवर आवाज थांबला की त्यांच्या कपाळाची शीर उठते. ऐकणारा घरात एकटा असतो, म्हणायचे, आपण गप्प झालो की त्याला वाटतं आपण त्याला टाकून गेलो. आणि माझ्या हातून पाच महिन्यांत दोनदा आवाज गेला होता. एकदा मोबाईलची रेंज गेली. दुसऱ्यांदा मात्र निव्वळ माझी चूक. पौडच्या बाजारात एक भाजीवाली इतकं मजेदार भांडत होती की मी हेडफोन बाजूला सारून तिचंच ऐकत बसले आणि फेडर खालीच राहिला. निवेदक तिकडे माईकसमोर ओठ हलवत होता आणि तालुक्यात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, “अजून एकदा आवाज गेला तर बुधवारचा कार्यक्रम मी बंद करणार. तो बंद झाला की तुम्हाला इथे काम उरत नाही, हे मला फार वाईट वाटून सांगावं लागतंय.” ओरडले असते तर मी उलटून बोलले असते. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मी पाणी पिऊन उठले. घरी मी कुणाला सांगितलं नाही. रात्री पडल्या पडल्या मोटरींची घरघर आठवायची. मला परत त्या टेबलावर जायचं नव्हतं. गाडीचं दार बंद झालं की ती कुणाची हे सांगणारी मी, मला उरलेलं आयुष्य बेअरिंगं ऐकण्यात घालवायचं नव्हतं.

पुढचा बुधवार रिहे गावाचा होता. भातं काढून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती. आम्हाला ज्या बाईंशी बोलायचं होतं त्या सगळ्या खोऱ्यात काकी म्हणून ओळखल्या जातात. साठीच्या पुढच्या, सडपातळ, आणि बियाणाच्या बाबतीत कुणाचं न ऐकणाऱ्या. बाजारातलं बी त्यांनी कधी वापरलं नाही. दरवर्षी त्या आपलं भाताचं बी आपणच राखतात आणि शेजारची माणसं त्यांच्याकडून ओंजळभर तरी नेतात. आजूबाजूला फार्महाऊसं झाली, काकींनी आपलं खाचर तेवढं सोडलं नाही. त्यांची जीभही तेवढीच प्रसिद्ध होती. गावातल्या एकाने आम्हाला बजावलं होतं की काकी बोलायला लागल्या की मधे तोंड घालू नका.

आम्ही सव्वाअकराला पोचलो. नवं स्लॅबचं घर, पुढे अंगण, उजवीकडे चुलीची खोप आणि घराच्या मागे गोठा. आत गॅस होता, पण तो चहापुरता. मोबाईल हातात धरून मी अंगणभर फिरले. रेंज कुठेच नाही. पायरीवर नाही, तुळशीपाशी नाही. शेवटी गोठ्याच्या भिंतीवर, वैरणीच्या पेंढ्यांशेजारी दोन काड्या दिसल्या, त्याही मोबाईल तिथून हलवला नाही तर. मी तिथेच मिक्सर मांडला. केबल घराला वळसा घालून अंगणात आणली आणि काकींना अंगणातल्या खुर्चीत बसवलं. पलीकडच्या फार्महाऊसवर माळी गवत कापायचं यंत्र चालवत होता. निवेदकाला पाठवून ते बंद करवलं. माळ्याने अर्ध्या तासाच्या बदल्यात रेडिओवर आपलं नाव घ्यायला सांगितलं. पावणेबारा वाजले होते, सगळं जागेवर होतं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा माझा जीव जरा भांड्यात पडला.

आता फक्त आवाजाची पातळी बघायची राहिली होती. कार्यक्रमाआधी माणसाला काहीतरी बोलतं करावं लागतं, म्हणजे त्याचा आवाज किती मोठा, किती बारीक ते कळतं आणि बटणं त्या बेताने ठेवता येतात. पण ‘काहीतरी बोला’ म्हटलं की भलाभला माणूस मुका होतो. त्यावर पुण्याच्या प्रशिक्षणात आम्हाला एक सोपा प्रश्न शिकवला होता. सगळ्यांना विचारायचं, सकाळी काय खाल्लं. कुणी पोहे म्हणतो, कुणी चहा-बिस्किट, आणि बोलता बोलता घसा मोकळा होतो. मी हा प्रश्न सरपंचांना विचारला होता, डॉक्टरांना विचारला होता, एका पैलवानाला विचारला तर त्याने मला बारा मिनिटं यादी सांगितली होती.

मी काकींसमोर उकिडवी बसले, हेडफोन लावले आणि विचारलं, “काकी, सकाळी काय खाल्लं?”

काकी खुर्चीत पुढे सरकल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग निवेदकाकडे बघितलं, त्याच्या बारीक मनगटाकडे जास्त वेळ बघितलं. आणि उठल्या.

पावणेबाराला, जेवायच्या वेळेला, दुसऱ्याच्या दारात जाऊन घरच्या बाईला ‘काय खाल्लं’ विचारलं तर त्याचा आमच्या मुळशीत काय अर्थ होतो, हे पुण्याच्या प्रशिक्षणवाल्यांना माहीत नसणं समजू शकते. पण मी इथली. माझं माहेर मुठेच्या काठचं, सासर भरे गावात. मी सून म्हणून पंधरा वर्षं हेच करत आलेय. कुणी ओट्याकडे नुसतं बघितलं तरी आत्या मला डोळ्याने ताट वाढायला सांगतात. हेडफोन लावल्यावर माझं मुळशीपण कुठे गेलं होतं कोण जाणे.

मी त्यांच्या मागे धावत सांगायला लागले की तसं नाही, मी आपलं सहजच विचारलं, आम्ही खाऊन आलोय. काकी खोपीत शिरून परातीत पीठ घेत होत्या. बारा वाजता रेडिओ सुरू होणार आहे, मी म्हटलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “रेडिओला भूक लागतीया का तुमास्नी?” आणि मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, “भरल्या येळंला दारात आलेलं मानूस तोंडानं इचारतंय, आन मी खुर्चीत बसून भाशान करू व्हय? हितं येऊन इचारा काय इचारायचं ते. माजं हात मोकळं न्हाईत, तोंड हाय.”

घड्याळात अकरा बावन्न. निवेदकाचा चेहरा पांढरा पडला होता. मला मात्र राग आला होता, आणि राग आला की माझे हात भराभर चालतात. मी दुसरी केबल पहिलीला जोडली, ती खोपीच्या कुडातून आत ओढली आणि माईक निवेदकाच्या हातात दिला. मिक्सर गोठ्यावरच ठेवणं भाग होतं, कारण मोबाईल तिथून हलला असता तर रेंज गेली असती. म्हणजे आत तो आणि काकी, आणि मी घराच्या मागे, गोठ्याच्या भिंतीपाशी. मधे अख्खं घर. मला आतलं काहीही दिसणार नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं की माईक काकींच्या तोंडापासून वीतभर लांब धर आणि काहीही झालं तरी बोलत राहा. माझ्या दुसऱ्या फोनवर केंद्राचा नंबर लावून ठेवला होता. तो एकदा वाजवला की सर तिकडून गाणं लावणार, असं ठरलेलं. पण तो वाजवणं म्हणजे आवाज गेला असंच धरलं जाणार होतं.

बारा वाजता केंद्रावरून आमची धून वाजली. सरांनी आता आपण रिह्याला जाऊ या म्हटलं आणि मी फेडर वर सरकवला.

सुरुवात छान झाली. निवेदकाने गावाचं, खाचरांचं दोन वाक्यांत असं वर्णन केलं की मलाही ते गाव बघावंसं वाटलं. माळ्याचं नाव त्याने घेतलं. काकींना नमस्कार केला. काकींनी परातीत थाप थाप करत नमस्कार घेतला. त्यांच्या हातातल्या बांगड्या प्रत्येक थापेला वाजत होत्या आणि तो आवाज इतका गोड होता की मी तो कमी करायला गेलेला हात मागे घेतला. मग त्याने पहिला प्रश्न विचारला. बियाणं तुम्ही कसं निवडता?

काकी म्हणाल्या, “थांब जरा.”

आणि सगळं थांबलं.

मी वाट बघितली. थाप बंद, बांगड्या बंद, काकी बंद. निवेदक आता काहीतरी बोलेल, ही त्याची नोकरी आहे. पण माझ्या कानात आला तो त्याचा गुदमरलेला खोकला, तोही तोंडावर हात दाबून. नंतर त्याने सांगितलं की काकींनी तेव्हा चुलीत ओलं लाकूड सारलं होतं आणि धुराचा लोट सरळ त्याच्या नाकातोंडात गेला. बोलायला तोंड उघडलं की खोकला, मग त्याने तोंडच उघडलं नाही. माईक मात्र सांगितलं तिथेच धरून राहिला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

माझा अंगठा दुसऱ्या फोनवर होता. मनात सरांची शीर उठलेली दिसत होती. मोटरी दिसत होत्या. अंगठा खाली जाणार, एवढ्यात मला ऐकू आलं की काहीच बंद झालेलं नाही.

आधी लाकडातला ओलावा चुरचुरला. मग वाटीत बोटं बुडाली आणि काहीतरी ओलं गरम लोखंडावरून फिरलं, एक लांब चर्र आवाज झाला आणि हळूहळू बारीक होत गेला. भाकरीवर पाणी फिरवलं होतं काकींनी. मागे कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती. आणि या सगळ्याच्या मधे काकींचा श्वास होता, थांबवून धरलेला. तो श्वास मी ओळखला. सात वर्षं मोटरला कान लावताना मी तसाच धरायचे. त्या बाई गप्प बसल्या नव्हत्या. त्या ऐकत होत्या.

मी अंगठा उचलला. एवढंच नाही, फेडर आणखी थोडा वर सरकवला. आज बाहेर शांतता जायची असेल तर नीट, सगळ्या बारकाव्यांसकट जाऊ दे, असं मनाशी म्हटलं. हे शहाणपण होतं की माज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेजारी म्हैस निवांत रवंथ करत होती.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर धीर सुटला असता. मग कालथ्याचा खडखडाट झाला, भाकरी उलटली आणि अगदी हलका, उसासा सोडावा तसा आवाज आला. फुगली होती. काकींनी श्वास सोडला.

“भाकर तव्यावर पडली की बोलायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “ती बोलतीया तवा आपुन ऐकायचं. हां, आता इचार.”

निवेदकाने घसा खाकरून जे विचारलं ते ठरलेल्या प्रश्नांच्या यादीत नव्हतं. त्याने विचारलं, काकी, एवढ्या धुरात तुम्ही कशा बसता? आणि तिथून जो कार्यक्रम सुरू झाला त्याला आमची कुणाचीच तयारी पुरली नसती. काकींनी त्याला वर बघायला सांगितलं. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला भाताच्या लोंब्यांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. कापणीच्या आधी त्या एकट्या खाचरात उतरतात आणि एक एक लोंबी हाताने निवडतात. बाकी सगळं भात कापून, झोडून पोत्यात जातं, पण ही निवडलेली लोंबी जाते चुलीच्या वर. वर्षभर तिला धूर बसतो, म्हणून तिला कीड लागत नाही. ज्या धुराने निवेदकाच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं, त्यावर पुढच्या वर्षी अर्धं रिहे जगणार होतं. हे सांगताना त्या मधेच थांबायच्या, नवी भाकरी तव्यावर टाकायच्या, आणि आम्ही सगळे तिचं ऐकायचो. मग परत बोलणं. लग्न होऊन आल्यावर सासूने हातात पहिली जुडी कशी दिली ते सांगितलं. मुलगा पुण्याला असतो, त्याने खोपीत धुराडं बसवून देतो म्हटलं तर त्याला कसं हाकललं तेही सांगितलं. साडेबाराला निवेदकाने कार्यक्रम संपवला तेव्हा त्याच्या तोंडात घास होता. लाईव्हवर घास घेऊन बोललेला तो आमच्या केंद्राचा पहिला निवेदक असावा.

मी फेडर खाली सरकवला आणि भिंतीला टेकून बसले. हसू येत होतं आणि डोळे वाहत होते, आणि माझ्या नाकात तर धूर गेलाही नव्हता. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात कधी कुणापर्यंत पोचवला नव्हता. तो माझा शेवटचा असेल तर असू दे, असं मला खरोखर वाटलं. पुढच्याच क्षणी अजिबात तसं वाटेना.

काकींनी आम्हाला समोर बसवून जेवू घातलं. कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा आणि त्या भाकरी. नोकरी जाणार असलेल्या बाईच्या मानाने मी बरंच जेवले.

केंद्रावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. सर टेबलाशी बसले होते, समोर नोंदवही उघडी. निवेदक कामाचं निमित्त काढून सटकला. मी उभीच राहिले. आधीच ठरवून आले होते की सगळं माझ्यावर घ्यायचं. म्हटलं, सर, आवाज गेला नव्हता, मी जाऊ दिला, फोन वाजवायचं माझ्या हातात होतं आणि मी वाजवला नाही.

सरांनी चष्मा काढला. मला ठाऊक आहे, ते म्हणाले. तुमचा फोन येईना म्हणून मीच गाणं लावायला उठलो होतो. बोट बटणावर ठेवलं होतं.

मग त्यांनी दाराकडे मान वळवली. आमच्या केंद्रात झाडलोट आणि चहा करायला एक मावशी येतात. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. कार्यक्रम चालू असताना त्या कधी आत येत नाहीत, आणि कुठल्याही कार्यक्रमाबद्दल त्यांनी बरं-वाईट म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मात्र त्या झाडू घेऊन दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सरांचं बोट बटणावर बघून त्या आत आल्या.

“मला म्हणाल्या,” सर सांगायला लागले आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. “म्हणाल्या, सायेब, भाकर तव्यावर हाय. आता न्हाई उठायचं. आणि मी बसलो. चाळीस वर्षांत मला असं कुणी बसवलं नव्हतं.”

त्यांनी नोंदवही मिटली. बुधवारचा कार्यक्रम चालू राहील, तुम्ही राहाल, उद्या कायमच्या नेमणुकीचं पत्र घेऊन जा, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि परत चष्मा लावून कामाला लागले. मी थँक्यू म्हटलं की नाही ते आता आठवत नाही. आनंद झाला की माणसाने काहीतरी करावं असं वाटतं, आणि तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी केबली गुंडाळायला घेतल्या. त्या गुंडाळलेल्याच होत्या. मी सोडून परत गुंडाळल्या.

मावशी मागे चहा ओतत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले. माझी नोकरी त्यांनी एका वाक्यात राखली होती, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की मावशी, तुम्ही ऐकलंत ते फार बरं झालं.

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि हळूच, सरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, “तिसरी करपली ना गं?”

करपली होती. काकींनी ती आम्हाला दिसू नये म्हणून आपल्या ताटात चांगल्या भाकरीखाली सारली होती आणि शेवटी एकटीने खाल्ली होती. ते मी जेवताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बारा वाजता, कानाला हेडफोन लावून, त्या चुलीपासून एका घराच्या अंतरावर बसून, मला ते ऐकू आलं नव्हतं.